बडोदे ते आंबाडुंगर : भूवैज्ञानिक काकांबरोबर

लेक बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूशास्त्र. पुढे एम.एस्सी. करून खनिजशोधाच्या कामात जायचं म्हणते. आमच्या नात्यात या क्षेत्रातले एकच, बडोद्याचे काका, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. सगळी नोकरी सरकारी भूविज्ञान खात्यात, त्यातली निम्म्याहून जास्त तंबूत. लेकीला काकांचं काम जिथे चाललं ते डोंगर बघायचे होते. मला मावशीशी बोलायचं होतं, कारण असं काम करणाऱ्या माणसाचं घर कसं चालतं ते तिच्याइतकं नीट कोण सांगणार? डिसेंबरचा शेवटचा आठवडा धरला आणि निघालो.

गुरुवार : नाशिक ते दांडिया बाजार

सापुतारा, वघई, चिखली करत महामार्गाला लागलो. भरूचजवळ ट्रकांच्या रांगेत थोडा वेळ गेला, बाकी प्रवास सुरळीत. या रस्त्याने जाणार असाल तर पहाटे निघा आणि सापुताऱ्याचा घाट उजेडात उतरा. हिवाळ्यात वळणांवर धुकं असतं.

मावशी दांडिया बाजारात राहते. बडोद्यातली ही जुनी मराठी वस्ती. गाडी लावून उतरलो तोच समोरच्या जिन्यातून कोणीतरी "अगं, दूध तापलं का?" असं ओरडलं आणि नवरा म्हणाला, पोचलो घरी. आम्हा नाशिककरांना बडोद्याबद्दल तशीही जवळीक आहे. सयाजीराव महाराज मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ साली दत्तक होऊन इथे आले आणि १९३९ पर्यंत त्यांनी राज्य केलं.

संध्याकाळी मावशीने पोंक काढला. ज्वारीचा कोवळा हुरडाच तो, पण इथे त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव घालून खातात. आपल्याकडे हुरड्याबरोबर शेंगदाण्याची चटणी असते. मला दोन्ही आवडतं, पण ही शेव पिशवी भरून नाशिकला आणली हे खरं. हिवाळ्यात गेलात तर पोंक चुकवू नका, त्याचा मोसम थोडे आठवडेच असतो.

मला वाटलं होतं, भूवैज्ञानिकाच्या घरात काचेच्या कपाटात दगड मांडलेले असतील. घरात एकही दगड नव्हता. लेकीने विचारलंच. काका म्हणाले, "नमुना खात्याचा असतो, पोरी. त्याला नंबर असतो, त्याची जागा नकाशावर असते. तो नंबर निघून माझ्या कपाटात आला की त्याचा काही उपयोग राहिला नाही." फील्ड डायऱ्यासुद्धा त्यांनी निवृत्तीच्या वेळी जमा केल्या. घरात राहिलं ते एवढंच : स्वतःच्या पैशांनी घेतलेली हातोडी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, आणि मावशीच्या ट्रंकेतली पत्रं.

पत्रांचा गठ्ठा मावशीने जेवणं झाल्यावर काढला. निळी आंतर्देशीय, दोऱ्याने बांधलेली, दरवर्षीच्या कॅम्पचा गठ्ठा वेगळा. मजकूर साधाच आहे. मनिऑर्डर मिळाली का, मुलाचा दात पडला का, सासूबाईंचं औषध बदललं का. पण समासात पेन्सिलीने काढलेली चित्रं आहेत. काका मुलांसाठी कॅम्पच्या जागेचा आडवा छेद काढून पाठवायचे. वर टेकडी, टेकडीवर तंबू, तंबूबाहेर स्टोव्ह, आणि खाली जमिनीच्या पोटातले थर : ठिपके म्हणजे वालुकाश्म, विटांसारख्या रेघा म्हणजे चुनखडी, अधिकची चिन्हं म्हणजे ग्रॅनाइट. एका चित्रात विहिरीची खोली दाखवली आहे आणि तिच्या तळाशी बादली. लेक ते चित्र कितीतरी वेळ बघत होती. खडकांसाठी वापरायची हीच चिन्हं तिने कॉलेजात गेल्या वर्षी शिकली. मावशीच्या मुलांनी ती शाळेत जायच्या आधी शिकली होती.

शुक्रवार : सेवउसळ, संग्रहालय आणि मावशीचा अल्बम

सकाळी काकांनी सेवउसळीला नेलं. पांढऱ्या वाटाण्याची पातळ उसळ, वर लाल तर्री, मूठभर शेव, चिरलेली कांद्याची पात आणि पाव. मिसळीची जवळची बहीण म्हणा, पण इथे तर्री वेगळ्या भांड्यात ठेवतात आणि आपण मागू तेवढी वाढतात. तिखट झेपत नसेल तर तर्री आधीच कमी सांगा. घरी न्यायला लीला चिवडा घ्या. हिरव्या मिरचीचा, ओलसर, आंबटगोड असा हा बटाट्याचा चिवडा दोन-तीन दिवसांत संपवावा लागतो.

मग सयाजीबागेतलं संग्रहालय. चित्रदालनासाठी बहुतेक लोक येतात, मुलं निळ्या देवमाशाच्या प्रचंड सांगाड्यासमोर थबकतात. काकांनी आम्हाला आधी दगडांकडे नेलं आणि तिथे रॉबर्ट ब्रूस फूट यांची गोष्ट सांगितली. फूट हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अधिकारी. १८६३ साली मद्रासजवळ पल्लवरम इथे त्यांना दगडी हत्यार सापडलं आणि भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाची सुरुवात झाली. १८९१ मध्ये ते निवृत्त झाले. सयाजीरावांनी त्यांना बडोदा संस्थानाची भूवैज्ञानिक पाहणी करायला बोलावलं. तिचा ग्रंथ १८९८ मध्ये निघाला. आपल्या राज्याच्या जमिनीखाली काय आहे हे त्या काळात एका संस्थानिकाला जाणून घ्यावंसं वाटलं, त्यासाठी त्याने देशातला उत्तम माणूस शोधला, याचं काकांना आजही अप्रूप आहे. सांगताना त्यांचा आवाज भरून येतो. ते स्वतः इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठातून एम.एस्सी. झाले.

दुपारी पुरुष मंडळी झोपली आणि मावशीने अल्बम काढला. मला हवं ते बोलणं तेव्हा झालं.

खनिजशोधाच्या नोकरीचं वर्ष आपल्या वर्षासारखं नसतं. पाऊस ओसरला, वाटा वाळल्या की दसरा-दिवाळीच्या सुमारास कॅम्प लागायचा. मे अखेर तो गुंडाळायचा. पावसाळ्यात हेडक्वार्टरला बसून नकाशे पुरे करायचे, प्रयोगशाळेतून आलेले आकडे मांडायचे, अहवाल लिहायचा. कॅम्पच्या त्या महिन्यांना फील्ड सीझन म्हणतात. आता आपलं पंचांग त्याच्यावर ठेवून बघा. लग्नसराई, मुंजी, दिवाळी, शाळेचं गॅदरिंग, संक्रांतीचे पतंग, सगळं सीझनमध्ये येतं. घरच्या माणसाच्या वाट्याला येतो आषाढ-श्रावण आणि गणपती.

अल्बममध्ये हे सरळ दिसतं. मावशीच्या भावांची लग्नं, नणंदेचं लग्न, मुलाची मुंज. मुंजीत काका आहेत, कारण ती मुद्दाम मे महिन्याच्या शेवटच्या मुहूर्तावर धरली. बाकी सगळ्या फोटोंत मावशी एकटी, एका कडेवर एक आणि बोट धरून एक. मग पान उलटलं की गणपतीचे फोटो, आणि त्यातल्या प्रत्येकात काका आहेत, पितांबर नेसून, दाढी केलेले, रापलेल्या चेहऱ्यावर हॅटच्या पट्ट्याचा पांढरा पट्टा.

"रडलीस का गं तेव्हा?" मी विचारलं.

"पहिली काही वर्षं. मग कामाला लागले," मावशी म्हणाली. मुलाच्या तीन शाळा बदलून झाल्यावर तिने ठरवलं की आता बदलीबरोबर फिरायचं नाही. बडोद्यात शाळेत नोकरी धरली, घर इथेच ठेवलं. काका अंबाजीजवळ तांबं-शिसं-जस्त शोधत होते तेव्हा, कच्छमध्ये लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) कामावर होते तेव्हा, नागपूरला बदली झाली तेव्हाही. "तो निर्णय माझा होता. त्यांनी ऐकला. लोक म्हणाले, नवऱ्याला एकटं सोडलं. मी म्हटलं, मुलांना एका जागी ठेवलं."

आणि मे महिना? शाळेला सुट्टी लागली की ती मुलांना घेऊन कॅम्पवर जायची. एस.टी., मग बैलगाडी किंवा खात्याची जीप. कडुलिंबाखाली खाटा, रात्री कंदील, पाणी विहिरीचं गाळून घेतलेलं. तिच्या मुलीला लहानपणीचं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर तो मे महिना.

तिने एक गोष्ट सांगितली ती मी तशीच्या तशी लिहिते. मुलीला मोठा ताप होता. उतरत नव्हता. मावशीने तार केली. चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि त्याच संध्याकाळी काका दारात उभे राहिले, पायापासून केसांपर्यंत धुळीने माखलेले. कॅम्प हलला होता, तार जुन्या पत्त्यावर गेली होती. "तेव्हा मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्यांची चूक नव्हती, तरी नाही बोलले."

लेक दारात उभी राहून ऐकत होती हे आमच्या नंतर लक्षात आलं. बरंच झालं.

शनिवार : आंबाडुंगर

सहाला निघालो. डभोईत चहा घेतला आणि हिरा भागोळ बघितली. हा कोरीव दरवाजा रस्त्यावरून सहज बघता येतो, अर्धा तास द्याच. पुढे बोडेली, ओरसंग नदीचं रुंद वाळूचं पात्र, मग तेजगढ. इथे आदिवासी अकादमीचं छान संग्रहालय आहे. राठवा समाजाची पिठोरा चित्रं, म्हणजे घराच्या भिंतीवर नवस फेडताना काढलेले घोडे, तिथे नीट बघायला मिळतात. छोटाउदेपूर जवळ आलं तशी रस्त्याकडेची सागाची पानं पांढरी दिसायला लागली. डोलोमाइट दळणाऱ्या गिरण्यांची धूळ. काकांनी काच वर करायला सांगितली आणि म्हणाले, "खनिज सापडलं की पुढे हेही येतं. हे न बघता कोणी या कामात येऊ नये."

गाडीत लेकीचे प्रश्न चालू होते. इतरांनाही उपयोग होईल म्हणून थोडक्यात लिहिते. केंद्रीय खात्यात भूवैज्ञानिक व्हायचं तर लोकसेवा आयोगाची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा द्यावी लागते. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत. त्यासाठी भूशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. आय.आय.टी.त एम.एस्सी. करायची तर जॅम परीक्षेत भूशास्त्राचा पेपर असतो. खाजगी खाणकंपन्या आणि ड्रिलिंग कंत्राटदारांकडेही भूवैज्ञानिक लागतात, तिथे महिन्यातले काही आठवडे साइटवर आणि मग सुट्टी अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. मुलींचं काय, हे मीच विचारलं. काका म्हणाले, १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखालच्या खाणीत काम करायला मनाई होती. २०१९ मध्ये सरकारने ती सैल केली, तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी दिवसा खाली उतरायला परवानगी दिली. "आणि ती सवलत येण्याआधी कितीतरी वर्षं, १९८३ मध्ये, सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर गेल्या होत्या. भूवैज्ञानिकच. बरोबर आपल्या अदिती पंत होत्या, समुद्रवैज्ञानिक." लेकीने नावं फोनमध्ये लिहून घेतली.

कवांटच्या पुढे डोंगर दिसायला लागले. आंबाडुंगर लांबून साधासुधा वाटतो. चढावर एका जागी काकांनी गाडी थांबवली, रस्त्याकडेच्या खडकाशी आम्हाला नेलं, खिशातून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली काढली आणि थेंब टाकला. खडक फसफसला.

"काय हे?" त्यांनी लेकीला विचारलं.

"चुनखडी," ती पटकन म्हणाली, मग भिंग डोळ्याला लावून खडकाला नाक टेकेपर्यंत वाकली. बराच वेळ बघितलं. "थर नाहीत. जीवाश्म नाहीत. काळी खनिजं आहेत, आणि दुसऱ्या खडकाचे तुकडे अडकलेत आत."

काकांचा चेहरा खुलला. अनेक वर्षं हा खडक चुनखडीच समजला जात होता. १९६३ साली सुखेसवाला आणि उदास या दोघा भूवैज्ञानिकांनी दाखवून दिलं की हा कार्बोनेटाइट आहे, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून वितळलेल्या रूपात वर आलेला कार्बोनेटचा खडक. लाव्हा म्हटलं की आपल्याला आपला काळा बसाल्ट आठवतो. टांझानियात ओल दोइन्यो लेंगाई नावाचा एकच ज्वालामुखी आज असा कार्बोनेटचा लाव्हा ओकतो. इथला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आमच्या नाशिकचे डोंगर ज्या लाव्हाचे, त्याच काळातला. वर गेल्यावर काकांनी हाताने हवेत गोल काढून दाखवला. जुन्या वालुकाश्माला खालून उचलून, फोडून हा खडक कड्यासारखा गोल वर आला आहे, आणि मधला भाग खोल आहे. एकदा कोणी दाखवलं की ते कडं डोळ्यांना दिसत राहतं.

नंतर कधीतरी उष्ण द्रव याच भेगांतून फिरले आणि त्यांनी फ्लोराइट मागे ठेवलं, तेच फ्लोरस्पार. हायड्रोफ्लोरिक आम्ल बनवायला, पोलादाच्या भट्टीत मळी पातळ करायला, अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात ते लागतं. इथली खाण आणि जवळच कडीपाणीला ते शुद्ध करण्याचा कारखाना उभा राहिला तो त्यामुळे. आता कार्बोनेटाइटमधल्या रेअर अर्थ मूलद्रव्यांसाठी या डोंगराकडे पुन्हा लक्ष वळलंय. पवनचक्क्या आणि विजेच्या मोटारींच्या चुंबकांना लागणारं निओडिमियम त्यांतलंच.

इथे दोन सूचना. खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका आणि हातोडी चालवू नका. जायचंच असेल तर कॉलेजच्या विभागामार्फत आधी पत्र द्या. आणि पाणी, खाणं, पेट्रोल छोटाउदेपुरातच भरून घ्या.

काकांच्या मनात मात्र आणखी एक ठिकाण होतं. डोंगराच्या पलीकडच्या एका वस्तीवर (राठवा वस्तीला फळियू म्हणतात) त्यांच्याबरोबर खंदक खणणारे, नमुने काढणारे एक राठवा आजोबा राहतात. कळवलं नव्हतं. कुडाच्या घरासमोर खाटेवर आजोबा बसले होते. काका जवळ गेले तरी ते बघत राहिले, मग एकदम उठले आणि त्यांनी काकांचे दोन्ही हात धरून ठेवले.

दोघं राठवी-गुजरातीत बोलत होते, मावशी आम्हाला सांगत होती. मग काकांनी लेकीला विचारलं, "खंदकातल्या नमुन्याचा ढीग प्रयोगशाळेला पाठवण्याइतका कमी कसा करतात?"

तिने इंग्रजी नाव सांगितलं, पुस्तकातलं. काकांनी काय विचारलं ते आजोबांनी त्यांच्याकडून समजून घेतलं आणि अंगणातली बारीक खडीमिश्रित माती ओंजळीने ओढून शंकूसारखा ढीग केला. माती नेमकी टोकावर सोडत होते, म्हणजे ती चहूबाजूंनी सारखी घसरते. मग फळीने ढीग दाबून चपटा गोल केला. तळहाताच्या कडेने त्याचे चार समान भाग पाडले. समोरासमोरचे दोन भाग बाजूला सारले, उरलेले दोन एकत्र करून पुन्हा शंकू, पुन्हा चपटा, पुन्हा चार. शेवटी राहिलेली मूठभर माती त्यांनी लेकीच्या हातात दिली. पूर्ण ढिगात जे होतं ते सगळं त्या मुठीत त्याच प्रमाणात असायला हवं, त्यासाठी हा खटाटोप. एका बाजूची माती जरा जास्त आली की आकडा चुकतो, आकडा चुकला की ड्रिलिंगची जागा चुकते. इतक्या वर्षांनी त्यांच्या हाताची कड रेघभर हलली नाही. लेक मातीत गुडघे टेकून बसली आणि त्यांनी तिच्याकडून दोनदा करून घेतलं.

अहवालांत या माणसांची नावं नसतात. मला ते खटकलं आणि मी बोलून दाखवलं. काका म्हणाले, खटकायलाच हवं. त्यांनी आपल्या फील्ड डायरीत रोजच्या पानावर खंदकाच्या नंबरशेजारी खणणाऱ्यांची नावं लिहिली होती, ती डायरी दप्तरात कुठेतरी आहे.

आजीने मक्याचे रोटले आणि उडदाची डाळ वाढली. रोटला चुलीवरचा, कडेने करपलेला, डाळीत लसूण-मिरचीचा ठेचा. इतकं चविष्ट जेवण पूर्ण प्रवासात झालं नाही. आजीला मावशी नीट आठवत होती, मे महिन्यातल्या दोन मुलांसकट. तिने विचारलं, तापवाली मुलगी आता कशी आहे?

मावशी थांबली. तुम्हाला कसं ठाऊक, तिने विचारलं. मग कळलं. तार गावी पडून होती. आजोबा आठवडी बाजाराला घासलेट आणायला गेले होते, तिथे डाकवाल्याने ओळखून ती त्यांच्या हातात दिली. बाजार तसाच टाकून ते नव्या कॅम्पपर्यंत चालत आले, रात्री पोचले. काकांना मध्यरात्री उठवलं, पहाटेपर्यंत पायी रस्त्याला आणून सोडलं. काकांनी हे मावशीला कधी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "तू बोलत नव्हतीस. आणि नंतर ताप उतरला होता."

मावशीने हात जोडले नाहीत की काही बोलली नाही. ती उठून आजीजवळ चुलीपाशी जाऊन बसली आणि मुलीचे फोनमधले सगळे फोटो एकेक करून दाखवले : ती, तिचा नवरा, तिचं बाळ. निघायला चार वाजले.

रविवार : पावागड आणि शिवराजपूर

पावागड-चांपानेर २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. रविवारी रोपवेची रांग फार मोठी असते, शक्यतो आडवारी जा. मशिदींचं कोरीव काम सकाळच्या उन्हात बघा. काकांच्या नजरेने बघण्यासारखी गोष्ट म्हणजे डोंगर स्वतः : खाली आपल्यासारखे बसाल्टचे थर, आणि माथ्याला रायोलाइट, फिकट रंगाचा, सिलिका जास्त असलेला लाव्हा. दख्खनच्या पठारावर हा फारसा दिसत नाही.

परतताना शिवराजपूरला वळलो. इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मँगनीजच्या खाणी होत्या, पार 'पाणी माइन्स' नावाच्या स्टेशनापर्यंत छोटी रेल्वे धावायची. आता खाणी बंद, खड्डे, पाणी, झुडपं. लेकीने एक काळा दगड उचलला आणि तिची बोटं कोळसा लावल्यासारखी काळी झाली. पायरोलुसाइट हे मँगनीजचं खनिज असंच डाग पाडतं. काका एका कठड्यावर बसले आणि जे मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं ते तिथे बोलले.

सगळ्या सीझनमध्ये मिळून त्यांनी जितक्या जागा तपासल्या त्यांतल्या बहुतेक 'पुढे काम नको' असा शेरा मारून बंद झाल्या. ओढ्यातली माती तपासायची, मग खड्डे, मग खंदक, मग ड्रिलिंग. प्रत्येक पायरीला जागा गळत जातात. अंबाजीकडे एका ठिकाणी दोन सीझन ड्रिलिंग केलं. कोअरचे, म्हणजे ड्रिलिंगने बाहेर काढलेल्या खडकाचे, दंडगोल मीटर-मीटर मोजून लाकडी पेट्यांत मांडले, अर्धे कापून प्रयोगशाळेला पाठवले. आकडे आले ते खाणीसाठी पुरेसे नव्हते. "ते वर्ष घरी फार जड गेलं. मी पावसाळ्यात घरी होतो, पण बोलत नव्हतो. तिने कॅम्पमधलं वर्ष सोसलं, ते घरातलंही सोसलं." मग लेकीकडे वळून म्हणाले, "तो अहवाल मी लिहिलेला सगळ्यात चांगला अहवाल आहे. कोणी पुन्हा तिथे पैसे घालणार नाही."

मावशी शेजारी उभी होती. ती लेकीला म्हणाली, "नोकरी घे. पण घर कुठे ठेवायचं ते पहिल्याच बदलीला ठरव, तिसऱ्या बदलीला नको. आणि ज्याच्याशी लग्न करशील त्याला एक मे महिना कॅम्पवर ने. तो तिथे राहू शकला तर पुढचं जमेल."

लेकीला या कामात जायला आम्ही हो म्हटलं ते तिथेच, शिवराजपूरच्या रस्त्यावर. नवऱ्याने आधी म्हटलं, मग मी.

सोमवार : परतीचा रस्ता

सकाळी लेकीने मावशीची पत्रं एकेक करून फोनवर टिपून घेतली. समासातल्या चित्रांसाठी. मजकूर मावशी वाचून दाखवत होती, मधल्या काही ओळी गाळून. दुपारी निघालो, रात्री नाशिक.

कोणी असाच बेत करत असेल तर : डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. आंबाडुंगरला बडोद्याहून एका दिवसात जाऊन येता येतं, पण पहाटे निघायला हवं आणि तेजगढला थांबायचं असेल तर छोटाउदेपुरात मुक्काम बरा. खडक समजावणारं माणूस बरोबर असेल तरच त्या डोंगराचा खरा अर्थ लागतो, म्हणून भूशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला सोबत घ्या. होळीनंतर तिसऱ्या दिवशी कवांटला राठवा लोकांची मोठी जत्रा भरते. आजोबांनी तेव्हा यायचं वचन आमच्याकडून घेतलंय, आणि त्यांच्या घरी पोचवायची औषधांची आणि चष्म्याच्या नंबरची चिठ्ठी मावशीने आतापासूनच फ्रिजवर लावली आहे.